लिटर मोजून खोरे कळत नाही

एक किलो सफरचंदामागे ८२२ लिटर पाणी खर्च होते, हा आकडा आता शाळेच्या पर्यावरण प्रकल्पापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत सगळीकडे फिरतो. त्यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. एक गट म्हणतो, परदेशी फळ म्हणजे पाण्याची उधळपट्टी; ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर स्टिकर लावलेले सफरचंद दिसले की पुढे जावे आणि देशी केळी घ्यावीत. दुसरा गट म्हणतो, फळ बाहेरून आले म्हणजे त्याचे पाणीही बाहेरून आले, आपले तेवढे वाचले. दोन्ही मतांच्या मुळाशी समजूत एकच आहे, की पाणी हा कुठेही त्याच मापाने मोजता येणारा माल आहे. ही समजूत उथळ आहे. तिच्यामुळे आपण निरुपद्रवी फळे टाळतो, घातक फळे निर्धास्तपणे घेतो आणि ज्यांना जाब विचारायला हवा त्यांना कधीच विचारत नाही.

माझे म्हणणे असे आहे. फळाच्या पाण्याचा निवाडा लिटरवर होऊ शकत नाही. ते पाणी कोणत्या खोऱ्यातले, कोणत्या महिन्यातले आणि कोणाच्या वाट्याचे, या तीन प्रश्नांवरच तो होऊ शकतो. हे प्रश्न विचारण्याची ताकद हातगाडीपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे नाही. ती पुरवठा साखळीकडे, म्हणजे आयातदार, घाऊक बाजार, साखळी दुकाने आणि बंदरावरची तपासणी यांच्याकडे आहे. आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे स्वतः दुसऱ्याच्या खोऱ्यातल्या पाण्यावर जगत असल्याने हे प्रश्न लावून धरण्याची जबाबदारी त्यांच्यावर इतरांपेक्षा अधिक येते.

८२२ मध्ये काय काय मिसळले आहे

डच संशोधक आर्यन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये ‘जल-पदचिन्ह’ ही कल्पना मांडली. पुढे मेस्फिन मेकोनेन यांच्यासह त्यांनी शंभराहून अधिक पिकांचे हिशेब केले आणि ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सफरचंदाचे ८२२ लिटर त्याच हिशेबातले आहेत. मात्र त्या संशोधकांनी जे तीन रकाने वेगळे ठेवले होते, ते आपण बेरीज करून पुसून टाकले. ८२२ पैकी ५६१ लिटर म्हणजे मातीत मुरलेला आणि झाडाने घेतलेला पाऊस. १३३ लिटर नदी, कालवा किंवा विहिरीतून दिलेले सिंचनाचे पाणी. उरलेले सुमारे १२७ लिटर प्रत्यक्षात वापरलेलेच नाहीत. खते वाहून गेल्याने बिघडलेले पाणी पुन्हा ठीक होण्यासाठी किती पाणी लागेल, याचा तो अंदाज आहे. आता केळ्याचा हिशेब पाहा: एकूण ७९०, त्यात पाऊस ६६०, सिंचन ९७, प्रदूषण ३३. म्हणजे ‘सफरचंद सोडा, केळे खा’ या सल्ल्याने किलोमागे जेमतेम ३२ लिटरचा फरक पडतो. खजुराचे एकूण २,२७७ लिटर आहेत आणि त्यातले १,२५० सिंचनाचे. इथे मात्र धोक्याची घंटा वाजायला हवी, कारण खजूर वाळवंटात पिकतो आणि तिथले सिंचनाचे पाणी भरून यायला पाऊस नसतो.

हे सगळे आकडे जागतिक सरासरीचे आहेत, ही त्याहून मोठी अडचण. सरासरी खोरे जगात कुठेच नसते. हवेत सोडलेला एक टन कार्बन डायऑक्साइड ठाण्यातून गेला काय किंवा तेहरानमधून गेला काय, परिणाम सारखाच होतो. म्हणून कार्बनचा एकच आकडा पुरतो. पाण्याचे तसे नाही. पाणी उपसल्याचा परिणाम त्याच खोऱ्यात, त्याच ऋतूत होतो. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकवून ठेवली होती. त्या दिवशी उल्हासमधून कोणी कोट्यवधी लिटर उपसले असते तरी कोणाचे काही बिघडले नसते. मे महिन्यात त्याच नदीतल्या पाण्याचे वाटप आधीच ठरलेले असते आणि एकाने जास्त उचलले की दुसऱ्याची कपात वाढते. नदी एक, लिटर तेच, अर्थ वेगळा. फळाच्या हिशेबात हा महिना कुठेच दिसत नाही.

एकच सफरचंद, तीन खोरी

तुर्भ्याच्या, म्हणजे वाशी बाजार समितीच्या घाऊक फळबाजारातून ठाणे-कल्याणकडे जाणारे आयात सफरचंद एका ठिकाणचे नसते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले येते, तसे इराणचे, तुर्कस्तानचे, न्यूझीलंडचे, चिलीचे, दक्षिण आफ्रिकेचेही येते. पैकी तीन ठिकाणे पाहू.

वॉशिंग्टनच्या बागा कोलंबिया आणि याकिमा नद्यांवरच्या सिंचन प्रकल्पांवर उभ्या आहेत. तिथे पाऊस कमी पडतो, त्यामुळे सफरचंद जवळपास पूर्णपणे कालव्याच्या पाण्यावर येते. बर्फ कमी पडलेल्या वर्षी याकिमा खोऱ्यात कपात होते आणि सालमन माशांसाठी नदीत किती पाणी ठेवायचे यावर तिथले आदिवासी समाज आणि शेतकरी यांच्यात दीर्घकाळ वाद झाले आहेत. तरीही कोणाला आधी आणि कोणाला नंतर पाणी मिळणार याची नोंद तिथे आहे, आणि वाद घालण्यासाठी न्यायालयही आहे.

इराणची गोष्ट वेगळी. तिथल्या सफरचंदाचा सर्वात मोठा पट्टा पश्चिम अझरबैजान प्रांतात, उर्मिया सरोवराभोवती आहे. १९९० च्या दशकात हे खारे सरोवर सुमारे ५,००० चौरस किलोमीटर पसरले होते. नंतरच्या तीन दशकांत त्याचा बहुतांश भाग आटला आणि तळाचे मीठ वाऱ्याबरोबर आसपासच्या गावांत उडू लागले. दुष्काळ आणि वाढते तापमान ही कारणे आहेतच. पण सरोवराला मिळणाऱ्या नद्यांवर धरणे बांधली गेली, हजारो विहिरी खोदल्या गेल्या आणि कमी पाण्यावर येणाऱ्या द्राक्षबागा काढून तिथे सफरचंद लावले गेले, हीही कारणे तितकीच खरी. उर्मियाचे खोरे बंदिस्त आहे. नद्या समुद्राला न मिळता सरोवराला मिळतात. तिथे बागेने घेतलेला प्रत्येक लिटर सरोवरातून वजा होतो.

तिसरे ठिकाण दक्षिण आफ्रिकेतले एल्गिन. सफरचंद आणि नासपतीचा हा पट्टा केपटाउनपासून फार दूर नाही. २०१८ च्या सुरुवातीला केपटाउनचे नळ बंद करण्याची तारीख ठरू लागली होती. त्या प्रांतातल्या शेतीच्या वाट्यात सरासरी ६० टक्के कपात झाली होती. अशा वेळी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, ग्रोनलँड पाणी वापरकर्ता संघटनेच्या बागायतदारांनी आपल्या खासगी धरणांत साठवलेले सुमारे १,००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडले. ते एका धरणातून नदीत, नदीतून शहराच्या स्टीनब्रास धरणात गेले. हे शक्य झाले याचे कारण केवळ दानत नव्हे. कोणाकडे किती पाणी आहे, याची मोजदाद त्या संघटनेकडे होती आणि शहराशी बोलणी करू शकेल अशी रचनाही होती. ज्या खोऱ्यात मोजमाप आहे, वाटप आहे आणि टंचाईत तडजोड करणारी संस्था आहे, तिथले फळ भरपूर सिंचनावर आलेले असले तरी निभावून नेता येते. जिथे यातले काहीच नाही, तिथे कमी लिटरचे फळही घातक ठरते.

आता या तीन खोऱ्यांमधून आपण निवड कशी केली ते पाहा. जून २०१९ मध्ये भारताने अमेरिकी सफरचंदावर आधीच्या ५० टक्के शुल्काखेरीज आणखी २० टक्के शुल्क लावले. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरून चाललेल्या व्यापारी तंट्याला दिलेले ते उत्तर होते. वॉशिंग्टनचे सफरचंद महागले, बाजारातला त्याचा वाटा घसरला आणि ती जागा इराण व तुर्कस्तानच्या मालाने भरून काढली. सप्टेंबर २०२३ मध्ये जादा शुल्क मागे घेण्यात आले. मधल्या चार वर्षांत कल्याणच्या गिऱ्हाइकाची मागणी कोलंबियाच्या खोऱ्यातून काही अंशी उर्मियाच्या खोऱ्याकडे वळली होती. दिल्लीत पोलादावरून झालेल्या निर्णयाने एका आटत्या सरोवराभोवतीच्या बागांना गिऱ्हाईक मिळवून दिले, आणि त्या निर्णयाच्या कागदावर पाणी हा शब्दही नव्हता.

‘आपले पाणी वाचले’ हे कितपत खरे?

लंडनचे भूगोलज्ञ टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आभासी पाणी’ ही संकल्पना पुढे आणली. तिच्यासाठी त्यांना २००८ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. पश्चिम आशियातील देश पाण्यासाठी युद्धे का करत नाहीत, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर होते, की ते गहू आयात करतात आणि गव्हाबरोबर त्याचे पाणीही. कल्पना मोलाची आहे. पण ती एका गृहीतकावर उभी आहे: फळ किंवा धान्य पाणी मुबलक असलेल्या देशातून पाणीटंचाईच्या देशाकडे जाते. फळांच्या बाबतीत हे गृहीतक वारंवार कोसळते. द्राक्षे, खजूर, संत्री यांना ऊन आणि कोरडी हवा लागते. अशी हवा जिथे असते तिथे पाणी नसते. पेरूमधल्या इका खोऱ्यात वर्षाला काही मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो आणि तिथली निर्यातीची द्राक्षे अँडीजवरून येणाऱ्या पाण्यावर व भूजलावर वाढतात. इजिप्तची संत्री नाईलवर आणि वाळवंटाखालच्या भूजलावर. व्यापार किमतीमागे, हंगामामागे, शुल्कामागे जातो. पाण्यामागे जातो असे समजायला आधार नाही.

शिवाय ‘वाचले’ म्हणताना कोणाचे वाचले ते सांगायला हवे. इराणी सफरचंद आले नसते तर ठाणेकरांनी ते उल्हासच्या पाण्यावर पिकवले नसते. काश्मीर किंवा हिमाचलचे घेतले असते. काश्मीरच्या करेवा पठारांवरच्या बागा बव्हंशी पाऊस आणि बर्फाच्या पाण्यावर उभ्या आहेत. म्हणजे या बाबतीत आयातीने पावसावरचे फळ बाजूला सारून आटत्या सरोवरावरचे फळ आणले. काश्मिरी बागायतदारांच्या तक्रारींवरून केंद्राने मे २०२३ मध्ये किलोमागे ५० रुपयांपेक्षा स्वस्त सफरचंदांच्या आयातीवर बंदी घातली. कारण किमतीचे होते. पाण्याचे कारण त्याहून भक्कम होते, पण ते मांडायला कोणी नव्हते.

देशी म्हणजे निर्दोष नव्हे

इथे स्वदेशीवाद्यांना हायसे वाटू नये. कल्याणच्या बाजारात येणाऱ्या केळ्यांचा मोठा पट्टा जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल तालुक्यांत आहे, आणि हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी अनेक वर्षे सरकारी अहवालांत आहेत. संत्र्यांच्या वरुड-मोर्शीचीही तीच कथा. सांगोल्याचे डाळिंब, जालन्याची मोसंबी, नाशिक-सांगलीची द्राक्षे ही सगळी पर्जन्यछायेतली किंवा तिच्या कडेची पिके आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. शेततळ्यांनी प्रश्न सुटेल असे सांगितले गेले. पण प्लास्टिक अंथरलेल्या अनेक शेततळ्यांत पावसाचे पाणी साठवले जात नाही. विंधन विहिरीतून उपसलेले भूजल त्यात भरले जाते. जे पाणी सगळ्या गावाच्या विहिरींखाली होते ते एकाच्या तळ्यात जाते आणि उन्हाने वाफ होऊन उडते. केळ्याच्या ७९० लिटरमध्ये ६६० लिटर पाऊस आहे, हा दिलासा जागतिक सरासरीतल्या केळ्याला लागू पडतो. रावेरच्या उन्हाळ्यात उभ्या असलेल्या केळीला नाही.

आणि ठाणे-कल्याणचा संबंध यापेक्षाही जवळचा आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका उल्हास नदीतून पाणी उचलते, ठाण्याला मिळणारे ‘स्टेम’ प्राधिकरणाचे पाणीही उल्हासचेच. पश्चिम घाटातून उतरलेली ही नदी पावसाळा संपला की क्षीण व्हायला हवी. ती उन्हाळ्यातही वाहते, कारण बारवी धरणाचे पाणी तिच्यात येते आणि कर्जतजवळच्या भिवपुरी वीजगृहातून सुटणारे पाणीही येते. हे वीजगृह १९२२ पासून चालू आहे आणि त्याचे पाणी घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे, म्हणजे आंध्रा नदीचे आहे. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी, इंद्रायणी भीमेची. निसर्गाच्या उतारावर सोडले असते तर हे पाणी पंढरपूरकडे गेले असते. शंभर वर्षांपासून ते वळवून पश्चिमेला खाली सोडले जाते, वीज होते, आणि मग ते डोंबिवलीच्या नळाला येते. म्हणजे सांगोल्याचे डाळिंब खाणारा डोंबिवलीकर भीमेच्या खोऱ्यातून दोनदा पाणी घेतो, एकदा नळातून आणि एकदा फळातून. त्या खोऱ्याला पाणी कमी पडते तेव्हा त्याला त्याची खबरही नसते.

ठिबकने प्रश्न सुटत नाही

पाण्याची जबाबदारी पाळतो असे सांगणारे निर्यातदार बहुधा एकच पुरावा देतात: आमची संपूर्ण बाग ठिबकवर आहे, पॅकहाउसमध्ये धुतलेले पाणी आम्ही पुन्हा वापरतो. पॅकहाउसचे पाणी बाजूला ठेवू. बागेतल्या सिंचनापुढे ते नगण्य आहे. ठिबकबद्दल मात्र नीट बोलायला हवे, कारण महाराष्ट्रात ठिबकला पुण्यकर्माचा दर्जा मिळाला आहे.

ठिबकने एका झाडाला लागणारे पाणी कमी होते, हे खरे. पण वाचलेल्या पाण्याचे पुढे काय होते? पाटाने दिलेल्या पाण्याचा एक भाग जमिनीत मुरतो आणि शेजारच्या विहिरीत किंवा खालच्या ओढ्यात परत येतो. ठिबकमुळे तो भाग परत जात नाही. शेतकरी वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर लावतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते, कारण त्याला कर्ज फेडायचे असते. परिणामी शेताची कार्यक्षमता वाढते आणि खोऱ्याची तूटही वाढते. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतले अनुभव एकत्र करून हेच मांडले: एकूण उपशावर मर्यादा नसेल, तर सिंचनाची कार्यक्षमता वाढवल्याने खोऱ्यातले पाणी सहसा वाचत नाही. इका खोऱ्यातल्या निर्यातदार बागा तंत्राच्या बाबतीत जगात कोणाला हार जाणाऱ्या नाहीत. तरीही तिथल्या भूजलाची पातळी घसरत गेली आणि सरकारला नव्या विहिरींवर बंदी घालावी लागली. लहान शेतकऱ्यांच्या उथळ विहिरी आधी आटतात, खोल विहिरी खोदण्याची ऐपत असलेली कंपनी टिकून राहते. अशा बागेला ‘पाणी वाचवणारी’ असे प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा असू शकतो.

म्हणून साखळीने बागेला विचारायचा प्रश्न ‘एका किलोला किती लिटर?’ हा नाही. प्रश्न असे आहेत: या खोऱ्यात एकूण उपशाला मर्यादा आहे का, ती पाळली जाते का, तुमच्या विहिरीवर मीटर आहे का, तुमची नोंद उघड आहे का, आणि शेजारच्या गावाला पिण्याचे पाणी कुठून मिळते? शेवटचा प्रश्न कोणत्याही जल-पदचिन्हात नाही. चिलीतल्या पेटोर्का खोऱ्याने तो जगाला शिकवला. १९८१ च्या जलसंहितेने तिथे पाण्याचे हक्क खरेदी-विक्रीचे केले, २०१० पासून लांबलेला दुष्काळ आला, डोंगरउतारांवर ॲव्होकाडोच्या बागा हिरव्या राहिल्या आणि खालच्या वस्त्यांना टँकरने पाणी द्यावे लागले. २०२२ मध्ये चिलीने संहिता बदलली आणि माणसाच्या पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम दिला.

युरोपने नाशिकला जे विचारले

हे सगळे प्रश्न मुंबई-ठाण्याच्या आयातदाराने पेरू किंवा इराणला विचारावेत, ही कल्पना हवेतली वाटेल. पण महाराष्ट्राला ती उलट्या बाजूने पुरती ठाऊक आहे. २०१० मध्ये नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचा अंश सापडल्याने युरोपने माल अडवला आणि शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्या धक्क्यानंतर औषध-अंशांची तपासणी काटेकोर झाली. २००६ पासून ‘अपेडा’ या केंद्रीय निर्यात संस्थेची ग्रेपनेट प्रणाली होतीच, तिच्यात बागेची नोंदणी आहे, बागेचा क्रमांक आहे, पॅकहाउसचा क्रमांक आहे. नेदरलँड्समधल्या दुकानातल्या पनेटवरून, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डबीवरून, दिंडोरीतल्या प्लॉटपर्यंत पोहोचता येते. युरोपातील मोठी साखळी दुकाने आता पुरवठादारांकडे पाण्याच्या वेगळ्या मानकाची मागणी करू लागली आहेत. ग्लोबलगॅप या शेती-मानकाचा ‘स्प्रिंग’ हा त्यासाठीचाच पुरवणी भाग आहे. दिंडोरीच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीचा हिशेब युरोपाला द्यावा आणि ठाण्याच्या बाजाराने कोणाकडेच हिशेब मागू नये, ही स्थिती मला मान्य होत नाही.

साधने तर हाताशी आहेत. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या नासपतीचे खोके जवळून पाहिले, तर त्याच्या आखूड बाजूवरच्या लेबलावर जात, प्रत आणि फळांची संख्या यांच्याबरोबर दोन संकेतांक असतात: एक पॅकहाउसचा, दुसरा ज्या बागेत फळ आले तिचा. खोके वाशीत फुटते, फळ कल्याणच्या गाडीवर जाते, आणि बागेचा क्रमांक पुठ्ठ्याबरोबर रद्दीत जातो. ती माहिती अर्ध्या जगातून इथवर आलेली असते. ती वाचणारा कोणी नसतो. दुसरे साधन म्हणजे बंदरावरची तपासणी. डिसेंबर २०२१ मध्ये इराणच्या किवीत वारंवार कीड सापडल्याने भारताने त्या देशाची किवी थांबवली होती. सुईच्या टोकाएवढ्या किडीसाठी आपण मूळ देश शोधतो, कागद तपासतो, आयात रोखतो. आणि व्यापाऱ्यांची चपळाई तर मे २०२५ मध्ये दिसलीच. राजकीय कारणाने पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचे सफरचंद घेणे बंद केले आणि काही दिवसांत माल दुसरीकडून आला. मनात आले की साखळी वळते.

आक्षेप

पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप असा: शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, आणि तरी तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. धरण उशाला आणि कोरड घशाला. डोंबिवलीजवळच्या २७ गावांत आणि घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांत टँकरच्या रांगा लागतात. घरचे एवढे असताना उर्मियाची काळजी कशाला? मला हा आक्षेप मनापासून पटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. शहापूरच्या पाड्याला पाणी का मिळत नाही? पाणी नाही म्हणून नव्हे, तर दूरच्या शहराला नळ उघडल्यावर पाण्याचे मूळ दिसत नाही आणि ते कोणाला विचारावेसे वाटत नाही म्हणून. हीच सवय फळाच्या बाबतीत आहे. दोन वेगळ्या चिंता नाहीत. न विचारण्याची एकच सवय आहे आणि ती एका जागी सुटली तर दुसऱ्या जागी सुटण्याची शक्यता वाढते. शिवाय ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. आयातदाराने बागेचा क्रमांक तपासल्याने शहापूरची नळयोजना रखडत नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो. प्रमाणपत्रांचा खर्च शेवटी लहान बागायतदारावर पडतो. नाशिकच्या शेतकऱ्याने तो सोसला आहे आणि भावात त्याचा मोबदला नेहमी मिळाला असे नाही. हे अगदी खरे आहे. म्हणूनच मागणी बागेकडे एकेकट्याने न करता खोऱ्याकडे करायला हवी. एल्गिनमध्ये पाण्याची जबाबदारी संघटनेने घेतली होती, एकेका बागेने नव्हे. आयातदाराने अशा पाणी वापरकर्ता संघटनांच्या मालाला पसंती द्यावी, दीर्घ मुदतीचा करार करावा आणि तपासणीचा खर्च स्वतः उचलावा. खर्च विकत घेणाऱ्याने न उचलता नुसते नियम पाठवले, तर लहान शेतकरी बाहेर फेकला जाईल आणि खोल विहीरवाला उरेल.

भारताच्या मागणीला वजन किती, असेही विचारले जाते. भारत वर्षाला साधारण चार ते पाच लाख टन सफरचंद आयात करतो आणि खजुराच्या आयातीत तर जगात आघाडीवर आहे. इराणी बागेसाठी भारत हे किरकोळ गिऱ्हाईक नाही.

व्यापार करारांचे काय? सरकारने पाण्याच्या कारणाने एखाद्या देशाचे फळ अडवले तर जागतिक व्यापार संघटनेत वाद होऊ शकतो, आणि पाण्याच्या नावाखाली देशी उत्पादकांना संरक्षण दिले जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून दोन अटी पाळायला हव्यात. मागणी सरकारी बंदीच्या रूपात नको, खरेदीच्या करारात हवी. युरोपातली साखळी दुकाने हेच करतात. आणि जो प्रश्न उर्मियाला तोच रावेरला. देशी फळाला सूट दिली तर साऱ्या युक्तिवादाचे नैतिक बळ जाते.

राहिला ग्राहक. त्याने काय खावे हे सांगण्याचा मला मोह नाही. मुंब्रा-कौशाच्या रोजेदाराने खजूर सोडावा असे कोणी सुचवले तर ते मूर्खपणाचे आणि अन्यायाचे होईल. खजूर कोणत्या मरूद्यानातला आहे, हे आयातदाराने शोधायचे आहे. मात्र एका गोष्टीत शहर थेट काही करू शकते. जांभूळ, करवंद, आंबाडे ही ठाणे-पालघरच्या डोंगरातली फळे पूर्णपणे पावसावर येतात; त्यांच्यासाठी नदी-विहिरीतून उपसलेले पाणी शून्य. ती कातकरी आणि ठाकर बायका पहाटेच्या गाडीने टोपलीतून आणतात आणि स्टेशनबाहेर जमिनीवर बसून विकतात. आयात फळाला शीत कंटेनर आणि शीतगृह मिळते. या फळाला सावलीची जागाही मिळत नाही, आणि पालिकेची गाडी आली की टोपली उचलून पळावे लागते. जांभूळ एका दिवसात मऊ पडते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी मे आणि जूनसाठी स्टेशनांलगत या विक्रेत्यांना ठरलेली जागा, छप्पर आणि थंड पेटी दिली, तर तो पाण्याच्या धोरणाचाच भाग ठरेल.

कोठून सुरुवात करायची

पाणी घेणारा पाणी देणाऱ्याचे देणे लागतो, हे तत्त्व या भागाला नवे नाही. बारवी धरणाची उंची वाढल्यावर मुरबाड तालुक्यातल्या विस्थापितांना, ज्या पालिका आणि संस्था ते पाणी वापरतात त्यांनी आपल्या पाण्याच्या हिश्श्याप्रमाणे नोकऱ्या द्याव्यात, असे शासनाने ठरवले. अंमलबजावणी रखडली, भांडणे झाली, तरी तत्त्व कागदावर आले: देणे पाण्याच्या वाट्यावरून ठरते. फळांसाठी हेच तत्त्व लावायचे तर नवा कायदा लागत नाही. वाशीच्या बाजार समितीने आणि मोठ्या आयातदारांनी एका हंगामापुरती पाच-सहा फळे घ्यावीत: उर्मियाकडचे सफरचंद, इकाची द्राक्षे, इजिप्तची संत्री, आखाती आणि इराकी खजूर, आणि त्याच यादीत रावेरची केळी व सांगोल्याचे डाळिंब. प्रत्येक खेपेच्या कागदांत देशाच्या नावापुढे जिल्हा, खोरे आणि पाण्याचा स्रोत एवढे तीन रकाने वाढवावेत, आणि गाळ्यावर भावाच्या फळ्याशेजारी ते लिहावेत. बसऱ्याच्या खजुरापुढे शत्त-अल-अरब असे लिहिले गेले, की २०१८ मध्ये त्याच नदीचे खारट, दूषित पाणी पिऊन लाखाहून अधिक माणसे दवाखान्यात गेली होती, हे विचारणारा कोणीतरी निघेल. आणि केळ्यापुढे रावेरचे भूजल असे लिहिले गेले, की जळगावचा शेतकरीही विचारेल, या भूजलाच्या पुनर्भरणाला ठाण्याचा बाजार किती पैसे देणार आहे. तो प्रश्न रास्त असेल आणि त्याचे उत्तर रुपयांतच द्यावे लागेल.